चढावर लावलेली कॅम्पर व्हॅन सकाळी सुरू होत नाही: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी बजाज टेम्पो ट्रॅव्हलर, १९९९ चं मॉडेल. कंपनीचं नाव तेव्हा बजाज टेम्पोच होतं, फोर्स मोटर्स हे नाव २००५ मध्ये आलं. इंजिन ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो नसलेलं. मूळ मर्सिडीजचं हे इंजिन १९७३ पासून जर्मनीत २४० डी या कारमध्ये होतं, पुढे परवान्यावर आपल्याकडे बनू लागलं. आपल्या रस्त्यांवर या इंजिनानं जे काम केलंय त्याला तोड नाही. माणसं भरा, भाजीपाला भरा, नाहीतर रुग्णवाहिका करा, ते ओढत राहतं. त्यात ना संगणक, ना सेन्सर, त्यामुळे स्कॅनर लावून काही कळत नाही. कान, डोळे आणि एक मल्टिमीटर, एवढ्यावरच भागवावं लागतं.

मालक सातारा जिल्ह्यातलं एक निवृत्त शिक्षक जोडपं. मी त्यांना सर आणि मॅडमच म्हणतो, इथेही तेच म्हणेन. ओळख कळू नये म्हणून बाकीचे काही तपशील बदलले आहेत. ही गाडी त्यांनी एका शाळेकडून घेतली आणि पुण्याकडच्या एका कारागिराकडून आतून घर करून घेतली. बिछाना, ओटा, पाण्याची टाकी, दिव्यांसाठी दुसरी बॅटरी असं सगळं बसवलं. थंडीसाठी डिझेलवर चालणारा हीटरही बसवला, म्हणजे गाडीच्याच टाकीतून थोडंथोडं डिझेल ओढून गरम हवा देणारा छोटा डबा. गंज लागू नये म्हणून चासीला खालून जाड काळं कोटिंगही मारून घेतलं.

पावसाळ्यात आणि दिवाळीत गाडी कोकणात फिरली, तक्रार शून्य. डिसेंबरात ते भिलारला आले. पाचगणीजवळचं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. सरांना पुस्तकं वाचायची होती, मॅडमना स्ट्रॉबेरीच्या शेतात राहायचं होतं. ओळखीच्या एका शेतकरीदादांनी बांधाजवळ गाडी लावायला जागा दिली. जागा उताराची होती, गाडीचं तोंड वरच्या अंगाला.

अडचण

त्या आठवड्यात थंडी चांगलीच पडली होती. अशा दिवसांत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आसपास दवाचे हिमकण होतात, भिलारलाही पहाटे हातमोजे लागतात. रात्रभर हीटर लावून दोघं झोपले. सकाळी सरांनी हीटर प्लगचा, म्हणजे गार इंजिन पेटावं म्हणून ते आतून तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण जड आवाजात, दमल्यासारखं. पेटलं नाही. त्यांनी पुन्हा मारला, मग लांब मारला, मग अजून लांब. शेवटी सेल्फनं नुसता टक् असा आवाज केला.

दादांनी ट्रॅक्टर आणला आणि जंपर केबल लावल्या. इंजिन आता जरा बरं फिरू लागलं, तरी पेटेना. दुपारी वाईहून मिस्त्री आले. त्यांनी फीड पंपावरचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचा, हँडपंप मारून डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट सैल करून डिझेल येतंय का ते पाहिलं, नट पुन्हा आवळले. इंजिन भरपूर पांढरा धूर सोडत सुरू झालं. थोडं गरम झाल्यावर गाडी छान चालू लागली. संध्याकाळपर्यंत पुन्हापुन्हा चालू-बंद करून पाहिली, दर वेळी झटक्यात लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

आता मिस्त्रींचं मत बदललं. जुनं इंजिन, थंडीत उठत नाही, गरम झालं की उठतं, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद) गेलंय, इंजेक्शन पंपही थकलाय. गाडी टोचन करून साताऱ्याला न्यावी, पंप आणि नोझल काढून तपासणीच्या बेंचवर घालावेत, आणि इंजिन खोलायची तयारी ठेवावी. अंदाज पाऊण लाखापर्यंत गेला. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. थंडीत न पेटणारं आणि गरम झाल्यावर नीट चालणारं डिझेल इंजिन हे कमी कॉम्प्रेशनचं पाठ्यपुस्तकातलं लक्षण आहे. अडचण इतकीच, की तेच लक्षण आणखी तीन-चार कारणांनी दिसतं, आणि त्यातलं एकही कारण तोवर तपासून बाद झालेलं नव्हतं.

सरांनी मला फोन केला तो या टप्प्यावर.

समोर असलेले पर्याय

फोनवर त्यांच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे टोचन करून सातारा गाठायचा. खर्च मोठा, आणि पसरणी घाट बंद इंजिनानं उतरायचा. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार करणारा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असेल तर दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत साठलेला व्हॅक्यूम संपतो, आणि मग पेडल दगडासारखं होतं. आतून घर केलेली, पाणी-सामानानं भरलेली ट्रॅव्हलर दोरीवर त्या वळणांतून उतरवायला मी कधीच होकार देणार नाही. न्यायचीच असेल तर पूर्ण उचलून नेणारी गाडी बोलवावी.

दुसरी वाट धक्का-स्टार्टची. उतार होता, गाडी उलटी सोडून रिव्हर्समध्ये क्लच सोडायचा असं कुणीतरी सुचवलंच होतं. व्हॅक्यूमची अडचण इथेही तीच, शिवाय मागे शेताचा बांध. आणि लाइनमध्ये डिझेलच नसेल तर धक्का मारून इंजिन फिरतं, पेटत नाही.

तिसरी वाट पेट्रोलच्या बोळ्याची. एअर फिल्टर काढून तोंडाशी पेट्रोलनं भिजलेलं फडकं धरायचं, किंवा स्टार्टिंग स्प्रे मारायचा. हा उपाय गावोगाव चालतो, म्हणून ठासून सांगतो: हीटर प्लग असलेल्या इंजिनात हे करू नका. या इंजिनात २१ पट कॉम्प्रेशन आहे आणि प्रीचेंबरमध्ये, म्हणजे डिझेल आधी पेटतं त्या सिलिंडरवरच्या छोट्या कप्प्यात, प्लगचं लालबुंद टोक. पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोचण्याआधीच पेटते, आणि तो तडाखा पिस्टनवर, रिंगांवर आणि प्रीचेंबरच्या टोकावर बसतो. धडधाकट इंजिन अशा एका सकाळीत खरोखरच ओव्हरहॉलला येतं.

चौथी वाट म्हणजे गाडी जागेवरच ठेवून कारण शोधायचं. थांबायला जागा होती, दादांचं घर शेजारी होतं, घाई कुणालाच नव्हती. मी तीच निवडायला सांगितली. फोन ठेवण्याआधी काही गोष्टी विचारल्या.

“सर, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?”

“सकाळी मारला तेव्हा अजिबात नाही. एअर काढल्यावर पांढरा आला.”

“गाडीचं तोंड कुठं आहे?”

“वर. दोन्ही रात्री वरच.”

“आणि इंजिनाच्या आसपास शेवटचं काम काय झालं?”

“इंजिनाला कुणी हात लावलेला नाही हो भाऊ. फक्त आतलं फर्निचर आणि तो हीटर.”

या तीन उत्तरांनी माझ्यापुरता कॉम्प्रेशनचा संशय खालच्या क्रमांकावर गेला. कॉम्प्रेशन कमी असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जातं, जळत नाही, आणि पांढऱ्या धुराच्या रूपानं बाहेर पडतं. सेल्फ मारूनही अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. इंजिन कितीही तरुण असलं तरी डिझेलशिवाय पेटणार नाही.

तपासणी

मी मल्टिमीटर, चांगल्या जाडीच्या जंपर केबल, दोन हात लांबीचा पारदर्शक पाइप आणि झाकणाला दोन नळ्या बसवलेला पाच लिटरचा कॅन घेऊन गेलो.

आधी वीज पाहिली, कारण ती पाहायला काहीही खोलावं लागत नाही. गाडीची बॅटरी रात्रभर ट्रॅक्टरवाल्या दादांकडे चार्जिंगला होती. आता तिच्यावर १२.५ व्होल्ट होते, म्हणजे जवळजवळ भरलेली. दिवे आणि डिझेल हीटर दुसऱ्या बॅटरीवर चालत असल्यानं रात्रीच्या वापरानं ही उतरण्याचा प्रश्न नव्हता. सरांना सेल्फ मारायला सांगितला. बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर १०.४ व्होल्ट राहिले. डिझेल इंजिनाला हे चांगलंच म्हणायचं. साधारण ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यावा. पण त्याच वेळी सेल्फच्या जाड टर्मिनलपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजले तर फक्त ८.६.

म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा सेल्फच्या प्लसवर ठेवून सेल्फ मारला: ०.३. ही बाजू ठीक. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडावर: १.५. इथे ०.२ च्या आसपास असायला हवं.

ही मोजणी सेल्फ फिरत असतानाच करायची असते. गाडी बंद ठेवून ओहम मोजले तर सगळं ठीकच दिसतं. सेल्फ तीनशे अँपियरच्या घरात करंट ओढतो, तेव्हा एका ओहमचा दोनशेवा भाग एवढा अडथळाही दीड व्होल्ट खातो, आणि साधं मीटर तेवढा अडथळा दाखवू शकत नाही.

गाडीखाली शिरलो. बॅटरीची अर्थ केबल, म्हणजे मायनसची केबल, चासीला, आणि चासीपासून गिअरबॉक्सला विणलेली पट्टी. चासीवरचा बोल्ट नवाकोरा, चकाकणारा. त्याखाली वॉशर, वॉशरखाली केबलचं टोक, आणि टोकाखाली नखानं दाबलं जाईल असं काळं कोटिंग. कोटिंगचं काम करताना केबल काढली होती आणि नंतर कोटिंगवरच आवळली. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. सेल्फ मारून झाल्यावर मी त्या बोल्टला हात लावला तर तो कोमट होता. मीटर नसेल तर हीसुद्धा एक खूण आहे. सेल्फ मारल्यावर जो सांधा गरम लागतो तिथे व्होल्ट मरतायत.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरनं का भागलं नाही, तेही इथे उलगडलं. जंपरची काळी केबल दादांनी गाडीच्या बॅटरीच्या मायनसला लावली होती. करंट ट्रॅक्टरचा असला तरी वाट त्याच खराब बोल्टमधून जात होती. काळी केबल इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायची हे केवळ ठिणगीच्या भीतीपोटी नाही, खराब अर्थला वळसा घालण्यासाठीही आहे. मी तसं करून सेल्फ मारला. आवाज तिथल्या तिथे बदलला. जड घरघर जाऊन सलग, चपळ फिरणं आलं. सर सीटवरूनच म्हणाले, “हा आपला नेहमीचा आवाज!”

इंजिन तरीही पेटलं नाही. धूरही नाही.

पहिला निर्णयाचा क्षण मला हाच वाटतो. एक ठोस दोष हाती लागला होता. बोल्ट साफ करून, हँडपंप मारून गाडी सुरू करून दिली असती तर सगळे खूश झाले असते, आणि पुढच्या थंड सकाळी पुन्हा फोन आला असता. सेल्फ नीट फिरूनही धूर नाही, म्हणजे दुसरा दोष स्वतंत्र आहे आणि अजून जागच्या जागी आहे.

डिझेलची बाजू घेतली. इंजिन बंद करायचा स्टॉपर पूर्ण आत आहे का, पंपावरचा त्याचा लिव्हर मोकळा फिरतो का, हे पाहिलं. साधी गोष्ट आहे, पण अडकलेल्या स्टॉपरपायी पंप उतरवलेले मी पाहिले आहेत. ते ठीक होतं. हँडपंपाची मूठ सैल करून मारली. सुरुवातीला बराच वेळ पोकळ, हाताला काही लागेचना, आणि मग अचानक कडक. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू उघडला तर साबणासारखा फेस, मग बुडबुडे, मग निखळ डिझेल. लाइन रिकामी होती. मिस्त्रींनी अगदी बरोबर ओळखलं होतं, गाडीनं एअर घेतली होती. प्रश्न राहिला तो एवढाच, की एअर येते कुठून?

गाडीखाली डिझेलचा एक थेंबही नव्हता, म्हणून गळती कुणी धरली नव्हती. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फाटक्या स्ट्रॉनं रस प्यायचा प्रयत्न केला की रस सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते, तसंच.

मग कॅनची चाचणी केली. सगळ्या तपासणीत मला सर्वांत मोलाची वाटणारी हीच. फीड पंपाला येणारा टाकीचा पाइप काढला आणि त्या जागी कॅनमधून थेट पाइप जोडला. पंपाकडून टाकीत परत जाणारी लाइनही कॅनमध्ये सोडली. कॅन इंजिनाच्या वर टांगला. एअर काढली, सेल्फ मारला, इंजिन पेटलं. बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन, संध्याकाळी गारवा पडल्यावर पुन्हा मारला. पहिल्याच झटक्यात लागलं. म्हणजे फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप, नोझल, कॉम्प्रेशन या सगळ्यांनी एका चाचणीत आपापली साक्ष दिली. दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपात होता, आणि त्या पाइपात नवीन गोष्ट एकच होती.

डिझेल हीटरचा टी. हीटरला डिझेल देण्यासाठी इंजिनाची ओढीची लाइन कापून मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला होता. एका बाजूनं इंजिन, खालून बारीक नळीनं हीटर. रबर पाइप टीच्या मापापेक्षा जरासा मोठा, आणि तो स्क्रूच्या क्लिपनं करकचून आवळलेला. बारीक पाइपावर ही क्लिप गोल बसत नाही, ती लंबगोल होते आणि दोन कडांना फट राहते. बोटानं पाइप हलवला तर टीवर चक्क फिरला.

थांबण्याचा निर्णय

टी सापडल्यावर तो काढून लाइन सरळ करणं हाच सरळ रस्ता होता. पण माझ्या डोक्यात एक गाठ राहिली होती. कोकणातही गाडी कधीमधी चढावर लावलेली असणार, तिथे असं का झालं नाही? मी सरांना आणि मॅडमना एक रात्र आणखी थांबायची विनंती केली. बोल्ट साफ करून अर्थ पक्की केली, टी मुद्दाम तसाच ठेवला, फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइप जोडला, आणि गाडी दादांच्या अंगणात सपाट जागेवर आणून लावली. रात्री हीटर नेहमीसारखा चालवा, सकाळी किल्लीला हात लावण्याआधी त्या पाइपाचा फोटो काढा, एवढंच सांगितलं.

सकाळी मॅडमनी पाठवलेल्या फोटोत पाइप जवळजवळ रिकामा होता. तळाशी डिझेलची बारीक रेघ, वर सगळी हवा.

म्हणजे गाडीचं तोंड वर असल्यानं डिझेल टाकीकडे उतरायला भर पडली होती, पण खरी ओढ हीटरची होती. हीटरचा छोटा पंप रात्रभर टिकटिक करत डिझेल ओढतो. त्या प्रत्येक ओढीबरोबर ढिल्या सांध्यातून थोडी हवा आत येते, ती इंजिनाच्या बाजूच्या पाइपात वर चढून बसते आणि तिथलं डिझेल खाली उतरतं. कोकणात हीटर लागलाच नव्हता. थंडीच्या रात्रीच गाडी उठत नाही हे सगळ्यांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. फक्त थंडीच्या रात्री दोन गोष्टी एकदम बदलत होत्या. इंजिन गार पडत होतं आणि हीटर चालू होत होता. सगळ्यांचं लक्ष पहिलीकडे गेलं.

ती रात्र ज्यांना अनावश्यक वाटेल त्यांचंही म्हणणं मला समजतं. टी काढला असता तर गाडी बरी झालीच असती. पण मग हीटर पुन्हा जोडताना कुणीतरी नवा टी, चांगल्या क्लिपा लावून, त्याच जागी बसवला असता.

केलेली कामं

अर्थचं काम तासाभराचं. चासीवरचं कोटिंग रुपयाएवढ्या जागेत खरवडून लोखंड चकचकीत केलं, केबलचं टोक घासलं, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. कोटिंग सांध्याच्या वर हवं, सांध्याच्या मध्ये नको. त्याखेरीज बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत एक जाड केबल नव्यानं टाकली, म्हणजे सेल्फचा करंट चासीवर अवलंबून राहणार नाही. पुन्हा मोजलं तर १.५ च्या जागी ०.१५.

टी काढला आणि टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबर पाइप डिझेलच्या प्रतीचा नवीन, अखंड टाकला. क्लिपा पूर्ण गोल बसणाऱ्या, बोल्टनं आवळायच्या. फिल्टरही बदलला, आणि उघडलेल्या प्रत्येक बॅन्जो बोल्टचे (डिझेलची लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवीन घातले. जुना दबलेला वॉशर परत लावला की एअरला दुसरं दार मिळतं.

हीटर प्लग शेवटी तपासले. या गाडीत चारही समांतर जोडलेले आहेत, त्यामुळे एक गेला तरी डॅशबोर्डवरचा दिवा नेहमीसारखाच लागतो. वरची पट्टी काढून एकेक मोजला. तीन प्लग एका ओहमच्या आतबाहेर, तिसऱ्या सिलिंडरचा पूर्ण उघडा, म्हणजे मेलेला. सुरू होताना पांढरा धूर जास्त येत होता त्यात याचा वाटा होता. प्लग साताऱ्याहून मागवला. काढताना इंजिन गरम करून, हळूहळू, मागे-पुढे फिरवत काढला. काजळी धरून टोक फुगलेलं असतं. जोर केला तर टोक आत तुटून राहतं, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

हीटरसाठी दोन उपाय होते. टाकी उतरवून तिच्या वरच्या प्लेटमधून हीटरची स्वतंत्र नळी आत सोडायची, नाहीतर हीटरला वेगळी छोटी टाकी द्यायची. पहिला उपाय नीटनेटका, एकदाच डिझेल भरायचं. पण नळी तळापासून थोडी वर ठेवली पाहिजे, म्हणजे हीटरनं रात्रीत टाकी कोरडी केली तरी पेट्रोल पंपापर्यंत जाण्याएवढं डिझेल इंजिनाला उरतं. दुसरा उपाय स्वस्त, आणि इंजिनाच्या लाइनशी त्याचा काही संबंधच उरत नाही. मी पहिल्याच्या बाजूनं होतो. मॅडमनी दुसरा निवडला. जुन्या टाकीला भोक पाडायचं नाही, आतला गंज हलवायचा नाही, हे त्यांचं म्हणणं वजनदार होतं.

निष्पत्ती

काम झाल्यावर गाडी मुद्दाम पुन्हा त्याच चढावर, तोंड वर करून लावली. सकाळी हीटर प्लगला वीसेक सेकंद दिले आणि सेल्फ मारला. इंजिन दोन-तीन फेऱ्यांत पेटलं. पारदर्शक पाइप काठोकाठ भरलेला होता. तो काही दिवस तसाच ठेवला, पण कायमचा नाही, कारण असा पाइप डिझेलनं कडक होऊन तडकतो. पुढे काढून टाकला.

सर-मॅडम स्वतः गाडी चालवत घाट उतरले. मनात शंका नको म्हणून नंतर साताऱ्याला कॉम्प्रेशनही पाहिलं, डिझेलच्या गेजनं. चारही सिलिंडर २० ते २२ बारच्या दरम्यान. या इंजिनाचा नवा आकडा २२ ते २४, आणि १५ च्या खाली गेलं तर काळजी. पंपाला, नोझलला हात लावायची गरज पडली नाही. पाऊण लाखाच्या अंदाजापुढे प्रत्यक्ष खर्च काही हजारांत बसला, आणि त्यातला मोठा भाग जाड केबलचा आणि हीटरच्या नव्या टाकीचा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सकाळचे लांबलांब सेल्फ टाळता आले असते. दहा सेकंद मारावा, निदान मिनिटभर थांबावं, आणि दोन-तीनदा होऊनही धूर नसेल तर थांबूनच जावं. धूर नसताना मारलेला प्रत्येक सेल्फ नुसती बॅटरी आणि सेल्फ झिजवतो. मागे एक माणूस उभा करून सायलेन्सरचा व्हिडिओ काढला असता तर मिस्त्रींनाही पहिल्याच भेटीत बरीच दिशा मिळाली असती.

मिस्त्रींनी एअर काढून गाडी चालू केली, ते काम चोख होतं. तिथे एक पाऊल राहिलं. बंद लाइनमध्ये एअर आपोआप येत नाही. डिझेल संपलं नव्हतं, फिल्टर नुकता बदललेला नव्हता, मग एअर काढल्यावर लगेच टाकीच्या दिशेनं पाइप बोटांनी चाचपत जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तेच घडलं तेव्हा तर हा प्रश्न आणखी ठळक झाला होता, पण तोवर गाडीच्या वयाकडे लक्ष गेलं. जुन्या गाडीत हे फार होतं. वय समोर दिसतं, आणि परवा बसवलेला टी काळ्या कोटिंगखाली लपलेला असतो.

ज्यांनी गाडी आतून घर केली त्यांचं सुतारकाम उत्तम आहे, ओट्याचा एक खिळा अजून हललेला नाही. पण इंजिनाच्या ओढीच्या लाइनमध्ये हीटरचा टी कुणीही टाकू नये, कितीही चांगल्या क्लिपा लावल्या तरी. आणि कोटिंग मारताना जी केबल सोडली ती लावल्यावर सेल्फ मारून एकदा व्होल्ट मोजावेत. दोन मिनिटांचं काम आहे.

सरांनी गाडी ताब्यात घेताना इंजिन ऐकलं होतं, ते गरम असताना. घर करून मिळणारी गाडी घेताना एक रात्र ती कारागिराच्याच अंगणात, तोंड वर करून, हीटर चालू ठेवून उभी करायला सांगावी, आणि सकाळी स्वतः जाऊन पहिला सेल्फ आपल्या हातानं मारावा. सोबत हीटरची आणि केबलची वाट दाखवणारा हातानं काढलेला का होईना, एक नकाशा मागून घ्यावा. सरांनी आता तसा नकाशा काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, अर्थचे तीनही बोल्ट लाल शाईनं दाखवून.